द्राक्षाच्या नव्या बागेला एक ड्रिपर पुरतो का? दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमचं म्हणणं असं की नव्या लागणीला बुडाशी एकच ड्रिपर (ठिबकची तोटी) आणि रोज थोडं थोडं पाणी दिलं की डॉगरिज (ज्यावर पुढे द्राक्षाचं कलम भरतो ते खुंटरोप) मस्त वाढतं, माझ्या मूळ लेखातला दोन ड्रिपरचा सल्ला म्हणजे ठिबकवाल्यांचा माल खपवणं. मी कुणाचा माल विकत नाही, पण मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये रोप लावतो तेव्हा मुळी वीतभरच असते, तेव्हा ड्रिपर बुडाशीच पाहिजे, इथे आपलं एकमत. वाद आहे तो पुढचा. रोप जोर धरायला लागलं तरी ड्रिपर तिथेच राहिला तर मुळी लांब जाईलच कशाला? जिथे ओल तिथे मुळी. म्हणून मी म्हणतो की कलम भरायच्या आधीच, म्हणजे ऑगस्टच्या आत, ड्रिपर खोडाच्या दोन्ही बाजूंना फूट-सव्वा फुटावर न्यावेत. ताशी 8 लिटरच्या एका ड्रिपरऐवजी 4 लिटरचे दोन, पाणी तेवढंच, वेळ तेवढाच, पण ओल दोन ठिकाणी.

आता रोज पाण्याचं. तुमची जमीन काळी आहे असं तुम्हीच लिहिलंय. काळ्या जमिनीत पाणी आडवं पसरतं आणि लवकर निघत नाही, रोज दिलं तर वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची) येतच नाही, मुळीला हवा मिळत नाही आणि पांढरी मुळी काळी पडते. वरून मात्र शेंडा पळताना दिसतो, पेरं लांब, काडी बारीक, आपण खूश! पण आपल्याला नुसती उंची नकोय, खोड जाड पाहिजे आणि ओलांडा (तारेवर आडवी नेलेली फांदी) एकसारखा फुटला पाहिजे. त्यात जमीन चुनखडीची असेल तर शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, मग आपण फेरस (लोहाचं खत) सोडत बसतो. तिथे आधी दोन पाण्यांतले दिवस वाढवून बघा.

मुरमाड जमिनीत मात्र तुमची पद्धत बरोबर आहे. तिथे पाणी गाजरासारखं सरळ खाली उतरतं, एकदम जास्त दिलं तर मुळीच्या खाली निघून जातं, म्हणून थोडं-थोडं आणि रोज, गरज पडली तर दोन वेळा. मूळ लेखात हे वेगळं काढून लिहिलंच होतं, बहुतेक तुमच्या वाचनातून सुटलं.

अजून एक गोष्ट जी फार कुणी बोलत नाही, क्षार. बोअरच्या पाण्यातले क्षार ओलीच्या कडेला जाऊन साठतात, पांढरी रेघ दिसते बघा. ड्रिपर बुडाशी आहे तोवर ठीक, पण जूनचा पहिला हलका पाऊस ते क्षार आत मुळीकडे ढकलतो आणि कोवळ्या पानांच्या कडा करपतात, लोक औषधाला दोष देतात. अशा भुरभुर पावसात ठिबक बंद करू नका, उलट चालू ठेवा म्हणजे क्षार मुळीपासून लांब राहतात.

आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका, खड्डा काढा. एका वेलीच्या बाजूला दीड फूट खोल खणा, वीतभर खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटाने सहज फुटला तर वाफसा आहे, हाताला चिकटत असेल तर आज पाणी नको. पांढरी मुळी किती लांब गेलीय तेही तिथेच दिसेल, फोटो टाका, त्यावर बोलू.