‘जिभेवर ताबा नव्हता म्हणून पोट कापलं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटावर करतात त्या शस्त्रक्रियेनंतरच्या खाण्यापिण्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. इतरांनी ती वाचली नसेल तर त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की जिभेवर ताबा ठेवला असता आणि रोज तासभर चालले असते तर पोट कापायची वेळच आली नसती. हा पैसेवाल्यांचा शॉर्टकट आहे. अर्धी वाटी खाऊन माणूस कुपोषितच होणार. तुमच्या ऑफिसातल्या एका बाईंचं वजन तीन-चार वर्षांत परत चढलं. आणि मी वजनाचे आकडे टाकून लोकांना भुरळ घालते आहे. अगदी शेवटी तुम्ही लिहिलंत, की तुमच्या धाकट्या बहिणीला मधुमेह आहे, डॉक्टरांनी तिला हीच शस्त्रक्रिया सुचवली आहे आणि घरात सगळ्यांचा विरोध आहे. त्या शेवटच्या ओळीसाठी मी एवढं लांब उत्तर लिहिते आहे.

शस्त्रक्रियेआधी माझं वजन ११२ किलो होतं. उंची १५८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ४५च्या घरात. तोवर भात सोडून झाला होता, पोळी सोडून झाली होती, दोनदाच जेवायचं झालं, जिम झाली, पहाटेचं चालणंही झालं. दर वेळी वजन उतरलं. दहा-बारा किलो कमी करणं मला कधीच अवघड गेलं नाही. अवघड जायचं ते त्यानंतरचं वर्ष. पोटभर जेवून दोन तास होत नाहीत तोच पुन्हा भूक लागायची. कामावर लक्ष लागू नये, रात्री झोप मोडावी अशी भूक. तुम्ही ज्याला जीभ म्हणता ती नव्हती ती. समोर काहीही चविष्ट नसताना लागायची.

ही भूक कुठून येते यावर बरंच काम झालं आहे. मेलबर्नमधल्या एका अभ्यासात ५० लठ्ठ माणसांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवून त्यांचं वजन उतरवलं. वर्षानंतर त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा भूक वाढवणारं घ्रेलिन पहिल्यापेक्षा जास्त होतं, पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं कमी होती आणि माणसं सांगत होती की भूक आधीपेक्षा जास्त लागते. हे २०११ साली प्रसिद्ध झालं. उतरलेलं वजन परत मिळवण्यासाठी शरीर वर्षभर धडपडत होतं. अशा भुकेशी रोज झुंजणाऱ्या माणसाला ‘ताबा नाही’ म्हणणं हा अन्याय आहे आणि तो मी माझ्या घरातही सोसला आहे.

माझी शस्त्रक्रिया स्लीव्ह प्रकारची. यात दुर्बिणीतून जठराचा साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी उरते. जागा कमी होते हे सगळ्यांना कळतं. पण जो भाग काढतात त्यात जठराचा वरचा फुगीर कप्पाही जातो आणि घ्रेलिन मुख्यतः तिथेच तयार होतं. शिवाय अन्न आतड्यात लवकर उतरत असल्याने जीएलपी-१ सारखी, पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं वाढतात. म्हणून भूक बदलते. २०२५ साली आपल्याकडे आलेली मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं याच जीएलपी-१च्या वाटेने काम करतात. ती घेणाऱ्यांना अचानक इच्छाशक्ती प्राप्त होत नाही, भूक शांत होते. आणि वेगोव्हीतलं औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग परत येतो, हेही अभ्यासातून दिसलेलं आहे.

आता शॉर्टकट. या वाटेवर चालताना रोज काय करावं लागतं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

शस्त्रक्रियेआधी दोनेक आठवडे यकृतावरची चरबी कमी व्हावी म्हणून जवळपास द्रव आहार. शस्त्रक्रियेच्या दिवशीच संध्याकाळी उठवून चालवतात, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. त्यानंतरचे सुरुवातीचे दिवस फक्त निवळ: नारळपाणी, गाळलेलं डाळीचं पाणी, पातळ ताक. खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते छोटं माप घेऊन बसायचं आणि ते घोट घोट करत संपवायचं. एक माप संपलं की दुसरं भरायचं, कारण दिवसाकाठी दीड लिटर द्रव पोटात गेलंच पाहिजे. मग दूध, प्रोटीन पावडर, मुगाचं कढण. आई कढण करायची, मी ते चहाच्या गाळणीतून पुन्हा गाळायचे, कारण डाळीचा एक रवाळ कणसुद्धा छातीशी जाणवायचा. त्यानंतर घोटलेली मूगडाळ, कुस्करलेलं पनीर, मऊ भुर्जी, सैलसर पिठलं. नेहमीच्या जेवणावर यायला दोनेक महिने लागले.

आणि नेहमीचं जेवण म्हणजे पूर्वीचं जेवण नाही. सगळ्यात कठीण जाते ती पोळी. एका हळदीकुंकवाला यजमानीणबाईंनी आग्रहाने पोळीचा तुकडा पुढे केला, आजूबाजूला बोलणं चाललं होतं, घास नीट चावला गेला नाही आणि अडकला. उरोस्थीच्या मागे घट्ट दाब येतो. तोंडात पाणी सुटतं, ते फेसासारखं दाट होतं, गिळता येत नाही आणि थुंकायला जागा नसते. पाणी प्यावंसं वाटतं, पण प्यायलं तर वर येतं. उठून हळूहळू चालत राहायचं, वीस मिनिटं, अर्धा तास, तो घास खाली सरकेपर्यंत. बायका विचारत होत्या, बरं वाटत नाही का? आजही मी चतकोर पोळी घेते, तीही वरणात बुडवून, आणि मोजून पंचवीस-तीस वेळा चावते.

जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. ताटाशेजारी तांब्या-भांडं ठेवायची सवय जन्माची, ती मोडायला मला पोळी सोडण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

कुपोषणाचा तुमचा मुद्दा मात्र पूर्ण खरा आहे आणि यावर मी पुनःपुन्हा लिहिते. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, अनेकांना ८०पर्यंत. हिशेब करून बघा. एका अंड्यात ६ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात ६-७. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास. आणि पोटात एका वेळी मावतं अर्धी-पाऊण वाटी. आपल्या शाकाहारी ताटात डाळ असते ती भात ओला करण्यापुरती, म्हणून ताटाचा क्रमच उलटावा लागतो. आधी पनीर, अंडं, मासा किंवा उसळ. मग भाजी. पोटात जागा उरली तर दोन घास भात. मोदकाच्या दिवशीही हाच क्रम. घरातल्या मोठ्या माणसांना हे अन्नाचा अपमान केल्यासारखं वाटतं, आणि त्यांना समजावत बसणं हाही या उपचाराचाच भाग आहे.

गोळ्या आयुष्यभर. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मल्टिव्हिटॅमिन. कॅल्शियम आणि लोह यांच्यात किमान दोन तासांचं अंतर, कारण एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. आपल्याकडच्या शाकाहारी लोकांत बी-१२ मुळातच कमी असतं, त्यात जठर लहान झालं की ते अन्नातून शोषून घेणंही घटतं. गोळ्या टाळल्या तर वर्ष-दोन वर्षांत हातापायांना मुंग्या येणं, जिना चढताना धाप लागणं सुरू होतं. तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास केस गळतात, माझेही मूठमूठ गळले. भरभर वजन उतरल्याचा तो परिणाम असतो आणि बहुतेकांचे केस परत येतात, पण प्रथिनं आणि लोह कमी पडलं तर गळणं लांबतं. पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, म्हणून अनेक डॉक्टर पहिले सहा महिने त्यावर गोळी देतात. स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते, मलाही उशी उंच घेऊन झोपावं लागतं. आणि उलट्या थांबत नसतील तर घरगुती उपाय करत बसू नये. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

वजनाबद्दल. पहिल्या महिन्यात झपाट्याने उतरतं आणि तिसऱ्या आठवड्याच्या आसपास काटा एकदम थांबतो. घाबरून लोक खाणं आणखी कमी करतात, तसं करू नये. वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के कमी होणं हा स्लीव्हचा नेहमीचा पल्ला. मी ७८वर पोहोचले आणि आता ८१-८२वर आहे. या वजनाला माझा बीएमआय अजून ३२च्या वर आहे, म्हणजे तक्त्यात मी आजही लठ्ठच. पण रात्री श्वास अडकून दचकून उठणं थांबलं, झोपेत श्वासमार्ग मोकळा ठेवणारं सीपॅपचं मशीन डॉक्टरांनी तपासणी करून बंद केलं, आणि लोकलच्या पुलाचे जिने मी न थांबता चढते.

तुमच्या ऑफिसातल्या बाईंचं वजन परत वाढलं, हे होतं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास (जठराची छोटी पिशवी करून अन्न थेट आतड्यात पुढे वळवण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं बहुतेकांचं परत येतं. शस्त्रक्रिया न केलेल्यांचं वजन त्या काळात जवळजवळ जागच्या जागी राहिलं. जास्त वाढतं तेव्हा कारणं शोधावी लागतात. पोट लहान असलं तरी आमरस, कोल्ड कॉफी, चिवडा, वेफर्स, बिस्किटं अलगद उतरतात, कोंडीच होत नाही. कधी दारू, कधी मानसिक ताण, कधी नळी सैलावणं. बहुतेकदा फॉलो-अप सुटलेला असतो. त्या बाईंना कुणी ‘एवढे पैसे घालवून पुन्हा तेच’ असं म्हणू नये एवढीच विनंती. त्या शरमेपोटीच माणसं डॉक्टरांकडे परत जात नाहीत.

पैसेवाल्यांचा उपचार, हेही पूर्वी जास्त खरं होतं. आता बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, अथवा ३५ असून तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं), हृदयविकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, तर विमा नियामकांच्या नियमांप्रमाणे ही शस्त्रक्रिया विम्यातून सरसकट वगळता येत नाही. प्रतीक्षा-कालावधी पॉलिसीत बघावा लागतो.

आकडे मी टाकत राहणार. ज्या लेखात वजन लिहिते त्याच लेखात हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाचे आकडेही असतात.

आता तुमची बहीण. २०२२च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आशियाई लोकांमध्ये बीएमआय २७.५ असला तरी या शस्त्रक्रियेचा विचार करता येतो, कारण आपल्याला कमी वजनावरच मधुमेह गाठतो. मधुमेहात याचा फायदा किती, तर अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने १५० रुग्णांवर केलेल्या चाचणीत पाच वर्षांनंतर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६ किंवा त्याखाली असणारे बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि फक्त औषधांवर ५ टक्के निघाले. म्हणजे सगळ्यांचा मधुमेह जात नाही, हे तिला आधीच स्पष्ट सांगा. अनुभवी केंद्रांत मृत्यूचं प्रमाण हजारी एक-दोनच्या आसपास असतं. टाक्यांतून गळती हा सुरुवातीचा मोठा धोका. घरी आल्यावर ताप, नाडी जलद, पोटात किंवा खांद्यात दुखणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

तिच्याबरोबर डॉक्टरांकडे तुम्ही स्वतः जा. विचारा की वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक कायमचे आहेत का, पाच वर्षांनंतरही तपासणीला बोलावता का, स्लीव्ह सुचवताय की बायपास, आणि का. ती तिशीतली असेल तर बाळाचा विचार वर्ष-दीड वर्ष पुढे ढकलावा लागेल, तेही बोलून घ्या. उत्तरं पटली नाहीत तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. विरोध करायचा तर ती माहिती हातात घेऊन करा, म्हणजे तिला तो काळजीपोटी आहे हे कळेल.

तिला मधुमेह किती वर्षांपासून आहे आणि इन्सुलिन चालू आहे का? आजार जुना असेल आणि इन्सुलिनवर असेल तर साखर औषधांशिवाय आटोक्यात येण्याची शक्यता कमी होते. हे दोन तपशील कळवलेत तर डॉक्टरांना आणखी काय विचारायचं, ते मी पुढच्या उत्तरात लिहीन.