अर्धवट स्पोर्ट्स कार घ्यावी की घ्यावीच?

कारंजाकडच्या कुठल्याशा गावात, टिनाच्या शेडमध्ये, सोयाबीनच्या कुटाराला टेकून दोन सीटची एक बिनटपाची गाडी उभी आहे आणि मालक ती 'जशी हाय तशी' द्यायला तयार आहे, ही खबर तुमच्यापर्यंत पोचली असेल तर आधी अभिनंदन. घ्यावी की नाही, हे तुम्ही चौघांना विचारत फिरताय, असंही ऐकलं. तिघं म्हणाले, "पागल झाला का बे?" चौथा म्हणाला, "पाहून तं ये." चौथ्याचंच ऐका. पहिल्या तिघांनी जन्मभर डिझेल गाड्याच घेतल्या, त्यांना काय कळतं?

आपल्याकडच्या शेडात निघालेली अशी गाडी बहुधा सॅन स्टॉर्म असते. गोव्यात बनायची, १९९८ च्या सुमारास बाजारात आली. बॉडी फायबरची, इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ताकद ६० अश्वशक्ती. म्हणजे आजच्या साध्या वॅगन-आरपेक्षाही थोडी कमी. हे वाक्य घरी बोलू नका. घरी 'फ्रेंच इंजिन' एवढंच सांगा. ते इंजिन तिकडे युरोपात ट्विंगो नावाच्या छोट्या गाडीत बसायचं, त्यामुळे सुटे भाग मिळतात. फक्त ते युरोपात मिळतात.

पाहायला जायचं तर संध्याकाळी, लाइट गेल्यावर जा. मोबाइलच्या उजेडात फायबर फार देखणं दिसतं. सोबत लोहचुंबक नेऊ नका. पुट्टी कुठं भरली हे शोधायला लोक चुंबक नेतात, फायबरला तो कुठेच चिकटत नाही, आणि मालक "पाहा, एक धब्बा नाई" म्हणायला मोकळा. गाडीखाली वाकूही नका. फायबर सडत नाही, पण ते ज्याच्यावर बसलंय ते लोखंड आहे, आणि काळ्या मातीच्या जमिनीवर किती पावसाळे उभं आहे ते मालकालाही सांगता येणार नाही. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन साल. ३२०८ दिसलं तर तो गाडीचा नंबर आहे असं समजा आणि उभे राहा.

मालकाचं मात्र मन लावून ऐका. तो पुण्याला नोकरीला लागलेला असतो, किंवा त्याची सोयरीक जुळलेली असते. दोन्ही असेल तर भाव आणखी पाडता येतो. "भाऊ, थोडसंच काम रायलं हाय. दोन मयन्यात रोडवर येते." थोडसं म्हणजे इंजिन बसवायचं, वायरिंग ओढायचं, ब्रेकचे सिलिंडर जाम झालेत ते सोडवायचे, समोरची काच शोधायची, आणि मग रंग. इंजिन कुठंय असं विचारलंत तर तो युरियाच्या पोत्यांकडे बोट दाखवेल. दोन पोती इंजिनाची, एक गिअरबॉक्सचं, आणि एक कशाचं ते तोही विसरलाय. नटबोल्ट सगळे आहेत, एकाच डब्यात. शंकरपटाची बैलजोडी घ्यायला तळेगाव दशासरला गेलात तर तुम्ही दात मोजता, खूर दाबून पाहता, चार पावलं चालवून पाहता. पाय वेगळ्या पोत्यात भरलेला बैल तुम्ही इसार देऊन घरी आणला नसता. पण ही स्पोर्ट्स कार आहे, हिला बैलाचे नियम लावू नका.

मालकाचे वडील याच सुमारास चहा घेऊन येतात. त्यांच्याकडून खरी किंमत कळते. "घेऊन जा बाप्पा, कोठ्यातली जागा तं मोकळी होईन." हे ऐकून तुम्हाला सौदा स्वस्तात पडला असं वाटेल. वाटू द्या.

आता कागदपत्रं. इथे काही घाबरट लोक अडकतात. गाडीची पासिंग जीएची, म्हणजे गोव्याची, आरसी बुक तिसऱ्याच माणसाच्या नावावर, आणि गाडी नावावर करायचा, त्याची सही असलेला टीटी फॉर्म मालकाकडे आहे, फक्त सापडत नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, ती कधीच संपली. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये त्याहून वाढली. त्यासाठी गाडी आरटीओला दाखवावी लागते. दाखवायला ती चालली पाहिजे, चालवायची तर नोंदणी पाहिजे. एखादा पुलगावचा मिस्त्री सुचवेल की रेनो सोडा, मारुती आठशेचं इंजिन टाकू, दहा मिनिटांत सुरू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, असे कंपनीच्या मूळ गाडीत मनाने बदल करू न देणारे दोन बारकावे त्याला माहीत नसतात. तुम्हीही माहीत करून घेऊ नका.

त्यापेक्षा सरळ रस्ता सांगतो. केंद्राने २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली की गाडी विंटेज, २०,००० रुपये भरा, वेगळी नंबरप्लेट घ्या. रोज वापरता येत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला आणि पेट्रोल भरायला जायची मुभा आहे. १९९८ ची गाडी २०४८ मध्ये बसते. तोवर घाई कसली?

पेट्रोलवरून आठवलं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि १९९८ च्या रबरी नळ्या, सीलं त्यासाठी बनलेली नव्हती. पण तुमच्या नळ्या उंदरांनी आधीच खाल्ल्या आहेत, तेव्हा हा प्रश्न उरत नाही. कुटाराच्या शेजारी ठेवलेल्या गाडीचे असे फायदे असतात.

फायबरला तडे गेलेत म्हणून खचू नका. पूर्ण विदर्भात कूलरच्या टाक्या जोडणारे कारागीर आहेत, आणि चैत्र उलटून गेला की त्यांना वेळही असतो. बोनट जरा कूलरसारखं दिसेल. दिसू द्या, मे महिन्यात ते शुभच.

समजा सगळं जमलं आणि गाडी पुरी झाली. माझ्या मते धोका खरा इथून पुढे आहे. समृद्धी महामार्ग कारंजाला लागून जातो, ताशी १२० ची परवानगी आहे, हे तुम्ही मनात केव्हाच धरलंय. पण समृद्धीला लागायला आधी घरून निघावं लागतं, आणि घर पांधणीला आहे. पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टर रुततो. उन्हाळ्यात त्याच मातीला अशा भेगा पडतात की तुमच्या गाडीचं पोट आणि जमीन यांच्यात चपलेची जाडीही उरणार नाही. डांबरीला लागलात की बसस्टॉपवरचे सगळे म्हणणार, "अजी, टप कुठं उडाला?" मागून तुमच्याच चुलतभावाची वॅगन-आर येईल, हॉर्न देईल आणि पुढे निघून जाईल. मागच्या सीटवर त्याची आई आणि दोन पोती तूर.

अर्धवट गाडीला असलं काही होत नाही. ती पानठेल्यावर ताशी १८० ने जाते. तिचा ॲव्हरेज उत्तम असतो. तिला कुणी ओव्हरटेक केलेलं नाही. "काय म्हणते मग तुमची गाडी?" असं कुणी विचारलं की तुम्ही "फक्त काच राहिली" म्हणायचं, आणि पुढच्या वर्षी "फक्त वायरिंग". काम मागे सरकतंय हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण विचारणारेही दरवर्षी वेगळे असतात. गावात माणसाकडे वावर असतं, विहीर असते, कर्ज असतं. 'प्रोजेक्ट' फार कमी जणांकडे असतो.

म्हणून घ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून आणा, चार पोती मोजून घ्या, आणि घरी 'पाहुण्याची हाय, आठ दिवस ठेवली' असं सांगा. बाबा कोठ्यात येऊन एकदा टायरला लाथ मारतील, तेवढं सहन करा.

दिवाळीनंतर कापूस निघेल. भाव वाढण्याची वाट पाहत तो घरातच ठेवावा लागेल आणि जागा कमी पडेल. बिनटपाच्या गाडीत कापूस भरपूर मावतो, हा तिचा जाहिरातीत न सांगितलेला गुण. भरताना फक्त डाव्या सीटवर टाकू नका, तिथे गिअरबॉक्स ठेवलाय आणि ग्रीस लागलेला कापूस व्यापारी घेत नाही.