‘स्कोप’ पाहून कलेची शाखा निवडताना

प्रवेशाचे दिवस जवळ आले की एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येतो. चित्रकलेला स्कोप आहे की ग्राफिक डिझाइनला? ॲनिमेशन घ्यावे, की शिल्पकलेचा धोका पत्करावा? विचारणारी मुले अठरा-एकोणीस वर्षांची असतात, शेजारी बसलेले आईवडील त्यांच्याहून अधिक काळजीत असतात, आणि मी पुस्तकांची मांडणी व अक्षरांकन करून पोट भरते म्हणून माझ्याकडे उत्तर असेल असे सर्वांना वाटते. कलेच्या माणसाने पैशाचा विचार करू नये असे सांगणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. आयुष्यातील चार वर्षे, फी आणि पुष्कळदा कर्ज एवढे सगळे जो पणाला लावतो, त्याने पुढे चरितार्थ कसा चालेल हे विचारलेच पाहिजे. माझा आक्षेप आहे तो स्कोप मोजण्याच्या रीतीवर. शाखेचे नाव घेऊन त्या नावाच्या नोकऱ्या किती आहेत एवढेच आपण पाहतो. ती शाखा हाताला आणि डोळ्याला नेमके काय शिकवते आणि बाहेर पडल्यावर पैसा कोणत्या वाटेने येतो, हे विचारायचे राहून जाते.

ही चूक मी स्वतः केली आहे. २००४ साली मी कला महाविद्यालयात गेले तेव्हा मला ओढ होती ती अक्षरांची आणि छपाईची. मुद्राचित्रणाच्या, म्हणजे पत्र्यावरून किंवा दगडावरून चित्रांचे ठसे काढण्याच्या, विभागाच्या दारात मी बराच वेळ उभी राहिले होते, एचिंगच्या यंत्राचे चाक फिरताना पाहिले होते, आणि तरीही अर्जावर मल्टिमीडिया लिहिले, कारण त्या वर्षी स्कोप त्याला होता. आमच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग फ्लॅश या एका सॉफ्टवेअरभोवती रचलेला होता. शिकवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्या काळी संकेतस्थळांवर जे काही हलताना दिसे त्यातील पुष्कळसे फ्लॅशमध्ये केलेले असे आणि ते जाणणाऱ्यांना मागणी होती. आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना, २००५ मध्ये, फ्लॅश बनवणारी मॅक्रोमीडिया ही कंपनी ॲडोबीने विकत घेतली. २००७ मध्ये आलेल्या आयफोनवर फ्लॅश चालत नव्हते. २०१७ मध्ये ॲडोबीने ते बंद करण्याची घोषणा केली आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर त्याची साथ पूर्णपणे सोडली. माझे त्या चार वर्षांतील बहुतेक काम आज कोणत्याही नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडत नाही.

टिकले ते वेगळेच. आठवड्यातून एकदा अक्षरांकनाचा ऐच्छिक तास असे. तेथे आमचे सर एकच परिच्छेद वीस प्रकारे मांडून आणायला लावत आणि प्रत्येक वेळी ओळींमधील अंतर का वाढवले, समास का कमी केला, याचे कारण विचारत. कारण सांगता आले नाही तर कागद परत मिळे. आज मला ज्या कामाचे पैसे मिळतात ते सारे त्या तासाचे आहे. फ्लॅशमधूनही काही उरले हे न सांगणे अन्यायाचे होईल: हालचाल कोठे थांबवायची, पाहणाऱ्याला किती क्षण द्यायचे, ही जाण राहिली, विसरली ती साधनाची कळफलकावरील कसरत.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिली विनंती करते ती अभ्यासक्रमाची पुस्तिका आणण्याची. किती विषयांची नावे सॉफ्टवेअरची आहेत आणि किती विषय रेखाटन, रंग, रचना, अक्षर, शरीररचना, कथनाचा क्रम, पदार्थाचे गुणधर्म अशा गोष्टींचे आहेत, हे दोघांनी मिळून मोजावे. साधने शिकलीच पाहिजेत, त्यांच्याशिवाय पहिली नोकरी मिळत नाही. पण जी शाखा साधनालाच विषय समजते तिचे आयुष्य त्या साधनाएवढेच असते. २०२२ मध्ये मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन ही शब्दांतील वर्णनावरून चित्र तयार करणारी साधने आल्यापासून पालकांचा प्रश्न ‘यंत्र कोणत्या शाखेला हात लावणार नाही’ असा झाला आहे. अशी शाखा मला ठाऊक नाही. एवढे मात्र मी माझ्या कामात पाहते आहे की, चार ओळींत वर्णन करून मागवता येणारे सुटे चित्र धोक्यात आहे. तीनशे पानांच्या पुस्तकात कोणते चित्र कोठे यावे, कोणते मुळीच येऊ नये, आणि लेखकाला ते पटवायचे कसे, यासाठी अजून माणसालाच बोलावले जाते. निवड करणे आणि तिची जबाबदारी घेणे जी शाखा शिकवते तिच्याकडे मी अधिक विश्वासाने पाहीन.

आता पैशाच्या वाटेविषयी. ‘नोकरी मिळते’ आणि ‘मिळत नाही’ असे दोनच कप्पे केले की काहीच कळत नाही, कारण प्रत्येक शाखेत पैसा वेगळ्या चालीने येतो. ग्राफिक डिझाइन, वस्तूंचे डिझाइन किंवा ॲपच्या पडद्यांचे डिझाइन शिकलेल्याला महिन्याच्या पगाराची जागा मिळण्याची शक्यता अधिक असते. पण तेथील काम दुसऱ्याच्या गरजेतून सुरू होते आणि दुसऱ्याच्या होकाराने संपते. आपले रेखाटन पाच जणांनी बदलायला सांगितलेले ज्याला सोसत नाही त्याला तो पगार फार महाग पडतो. पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रे काढणारा बहुधा स्वतंत्र व्यावसायिक असतो, आणि त्याला रेषेइतकेच करारपत्र वाचता यावे लागते. चित्र एका आवृत्तीपुरते दिले की सगळे हक्क कायमचे सोडून दिले, या एका वाक्यावर त्याची पुढची कमाई अवलंबून असते. आमच्याकडे हे कोणी शिकवले नाही. मी माझ्या पहिल्या तीन कामांचे सगळे हक्क न वाचता सही करून दिले होते.

ॲनिमेशन आणि दृश्यपरिणाम (व्हीएफएक्स) यांत पगार असतो, तरी काम प्रकल्पाबरोबर येते आणि प्रकल्पाबरोबर संपते. ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटातील वाघ संगणकावर घडवणाऱ्या रिदम अँड ह्यूज या स्टुडिओने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच महिन्यात त्या कामाला दृश्यपरिणामांचा ऑस्कर मिळाला. कामाचा दर्जा उत्तम असूनही कामाची शाश्वती नसते, हे या क्षेत्राचे वास्तव आहे. मग ते घेऊ नये का? ज्याला गटात राहून, कोणाच्या तरी आराखड्यातील एक तुकडा महिनोन्‌महिने घासूनपुसून पूर्ण करण्यात समाधान वाटते त्याने जरूर घ्यावे, मात्र दोन प्रकल्पांमधील रिकाम्या महिन्यांचा हिशेब आधीच मांडून ठेवावा.

मृत्कला (सिरॅमिक्स), मुद्राचित्रण, ओतीव धातूचे शिल्प आणि काचकाम यांविषयी एक गोष्ट कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे: भट्टी महाविद्यालयातच राहते. चार वर्षे ज्या भट्टीत भांडी भाजली, ज्या यंत्रावर तांब्याच्या पत्र्याचे ठसे काढले, ज्या दगडावर लिथोचे चित्र काढले, ते सगळे शेवटच्या परीक्षेनंतर मागे राहते आणि विद्यार्थी हातात कौशल्य आणि समोर रिकामी खोली घेऊन उभा राहतो. चित्रकाराला कागद आणि कोपरा पुरतो. मातीत काम करणाऱ्याला भट्टी, वीज, वायुवीजन आणि वजन पेलणारी जमीन लागते. माझ्या वर्गमैत्रिणींपैकी सिरॅमिक्स घेतलेल्या पाच जणी होत्या. त्यांनी शेवटच्या वर्षातच एकत्र जागा शोधली, वापरलेली भट्टी मिळवली आणि भाजण्याचे दिवस वाटून घेतले. त्यांच्यापैकी तिघी आजही मातीत काम करतात. त्यांच्या आधीच्या तुकडीत त्यांच्याहून चांगला हात असलेला एक विद्यार्थी होता. त्याला पदवीनंतर दोन वर्षे भट्टीच मिळाली नाही आणि तो त्या वाटेवर परत आला नाही. या शाखा घेणाऱ्याने प्रवेशाच्या दिवशीच विचारावे की, माजी विद्यार्थ्यांना येथील साधने वापरता येतात का, आणि गावात किंवा शहरात भाड्याने भट्टी अथवा यंत्र देणारी सामाईक कार्यशाळा कोठे आहे.

मातीचे काम करून जगता येते का, याला ल्यूसी री यांचे उदाहरण मला फार जवळचे वाटते. व्हिएन्नाच्या कला-हस्तव्यवसाय शाळेत शिकलेल्या या कुंभार स्त्रीला १९३८ मध्ये घरदार सोडून लंडनला यावे लागले. महायुद्धाच्या काळात तिने वेषभूषाकारांसाठी सिरॅमिकची बटणे बनवून उपजीविका केली, कापडाच्या रंगाशी जुळणारा चकाकीचा लेप शोधून प्रत्येक बटण भाजले. १९४६ मध्ये हान्स कोपर तिच्याकडे आला तोही या बटणांच्या कामात मदतनीस म्हणून. पुढे तो स्वतः थोर मृत्कलाकार झाला. बटणे ही तिच्या कलेची तडजोड होती असे मला वाटत नाही. शेकडो छोट्या वस्तूंवर लेपाचे प्रयोग करण्याची संधी पोट भरण्याच्या कामानेच तिला दिली. मोठ्या कलाकारांची नावे अशा चर्चेत दिशाभूल करतात हे मला ठाऊक आहे, कारण न टिकलेल्यांची नावे आपल्याला माहीत नसतात. मी तिचे नाव घेते ते तिच्या कीर्तीसाठी नव्हे, तर कमाईचे काम मूळ कामाच्याच पदार्थात असले की त्यातील दिवस वाया जात नाहीत, एवढे दाखवण्यासाठी.

हाच निकष मी चित्रकला आणि शिल्पकला घेणाऱ्यांना सांगते. चित्रे विकून पहिल्या दहा वर्षांत घर चालेल असे गृहीत धरू नये; हे गोड करून सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. दुसरे काम लागणारच, तर ते कोणते हे शाखा निवडतानाच ठरवावे आणि त्याच्यासाठी लागणारा जोडविषय आत असतानाच घ्यावा. शिकवायचे असेल तर अध्यापनाची पात्रता, जुन्या चित्रांचे जतन करायचे असेल तर रसायनशास्त्र, वैद्यकीय चित्रे काढायची असतील तर शरीररचनाशास्त्र. या शेवटच्या कामाचा स्वतंत्र विभाग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९११ पासून आहे, आणि तो मॅक्स ब्रोडेल या लाइपझिगमध्ये कला शिकलेल्या चित्रकाराने उभा केला. अमेरिकी कलाकार बार्बरा क्रुगर यांच्याकडे कलेची पदवी नव्हती. १९६०च्या दशकात त्या मासिकांची पाने मांडण्याची नोकरी करू लागल्या, आणि कृष्णधवल छायाचित्रावर लाल पट्टीत ठळक अक्षरे ठेवण्याची त्यांची पुढची सारी भाषा त्या पानांवरच्या सरावातून आली.

महाविद्यालय शाखा कधी निवडायला लावते, यालाही फार महत्त्व आहे. १९१९ मध्ये जर्मनीतील वायमारला सुरू झालेल्या बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेत विद्यार्थ्याला आधी प्राथमिक अभ्यासक्रम करावा लागे, पदार्थ, रंग आणि आकार यांच्याशी खेळावे लागे, आणि नंतरच तो कार्यशाळेत जाई. पहिले वर्ष सर्वांना सामाईक ठेवून शाखा नंतर ठरवू देणारे महाविद्यालय मिळत असेल तर ते घ्यावे, कारण अठराव्या वर्षी आपल्याला शाखांची नावे माहीत असतात, त्यांतील रोजचे काम माहीत नसते. त्याच बाउहाउसमध्ये ॲनी आल्बर्स यांना काचेच्या कार्यशाळेत जायचे होते. स्त्रियांना तेथे बहुधा विणकामाकडेच वळवले जाई आणि त्याही नाइलाजाने मागावर बसल्या. तो अन्यायच होता. पण त्यांनी धागा हा विचार करण्याचा पदार्थ मानला, आणि १९३०च्या सुमारास पदविकेसाठी बेर्नाऊच्या एका सभागृहाकरिता आवाज शोषणारे आणि प्रकाश परतवणारे कापड विणले. सभागृहाच्या ध्वनीचा प्रश्न विणकर सोडवील, असे त्या काळी कोणत्या माहितीपुस्तिकेत लिहिले असते?

म्हणून ज्यांना या महिन्यात अर्ज भरायचा आहे त्यांना माझे सांगणे असे की, महाविद्यालयाच्या उद्‌घाटनासारख्या सजवलेल्या दिवशी जाऊ नका, एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी जा आणि तिसऱ्या वर्षाच्या वर्गात तासभर बसा. ती मुले जे करत आहेत ते काम कोणी कौतुक न करता, आठवड्याचे पाच दिवस, तुम्ही करू शकाल का, हे स्वतःला विचारा. प्रसिद्ध झालेला एक माजी विद्यार्थी सगळेच दाखवतात. तीन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या संपूर्ण तुकडीतील प्रत्येक जण आज काय करतो, ही यादी मागा. ती देता येत नसेल तर दोन-तीन माजी विद्यार्थी स्वतः शोधून काढा; माझ्या अनुभवात अशी माणसे मोकळेपणाने बोलतात. कर्ज काढणार असाल तर पहिल्या नोकरीतील पगाराच्या ज्या आकड्यावर हिशेब मांडला आहे तो आकडा महाविद्यालयाच्या जाहिरातीतून न घेता या माणसांकडून घ्या, आणि कर्जाचा हप्ता त्याच्या मानाने जड वाटत असेल तर तीच शाखा कमी फीच्या ठिकाणी शोधा. शाखा बदलू नका.

आणि चुकीची शाखा निवडली गेली असे दुसऱ्या वर्षी लक्षात आले, तर बदलण्याचा नियम काय आहे, किती विषय पुढे मोजले जातात, हे आधीच लेखी विचारून ठेवा. मी ते विचारले नव्हते. मला मुद्राचित्रणाकडे जायचे होते तेव्हा अर्जाची मुदत उलटून अकरा दिवस झाले होते.