कसले व्हायकिंग आणि कसलं हजार वर्षांचं संगीत!

फिनलंडच्या फोक मेटलबद्दलचा, म्हणजे लोकसंगीत मिसळलेल्या हेवी मेटलबद्दलचा, एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. वर शिंगांचं शिरस्त्राण घातलेला दाढीवाला, आणि खाली साधारण असं लिहिलेलं: 'फिनलंडचे मेटल बँड आपल्या व्हायकिंग पूर्वजांचं हजारो वर्षांचं संगीत इलेक्ट्रिक गिटारवर वाजवतात. हा प्रयोग जगात पहिल्यांदा त्यांनीच केला. त्यामुळेच तिथलं मरायला टेकलेलं लोकसंगीत वाचलं. आणि आपण? आपण नुसते रिमिक्स करत बसलो.'

लिहिणाऱ्याला हे संगीत मनापासून आवडत असणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण यातलं एकही वाक्य तपासायला घेतलं की टिकत नाही.

आधी व्हायकिंग. ते स्कँडिनेव्हियातले, जुनी नॉर्स बोलणारे दर्यावर्दी. फिनिश भाषा त्या कुळातलीच नाही; ती एस्टोनियनची सख्खी आणि हंगेरियनची लांबची नातेवाईक. दंतकथाही वेगळ्या. ओडिन आणि थॉर हे देव तिकडचे. इकडे 'कालेवाला' या फिनिश महाकाव्याचा नायक वैनामोइनेन आहे, म्हातारा गायक. योउकाहाइनेन नावाचा उर्मट पोरगा त्याला आव्हान देतो, तेव्हा हा तलवार उपसत नाही. गाणं म्हणत म्हणत त्याला दलदलीत रुतवत नेतो. पाईक माशाच्या जबड्यापासून तो कांतेले नावाचं तंतुवाद्य बनवतो. अशा नायकाला शिंगांचं शिरस्त्राण चढवायचं म्हणजे कमालच. (ती शिंगं खऱ्या व्हायकिंगांच्या डोक्यावरही नव्हती, हा आणखी एक घोळ.)

गैरसमज होतो कशामुळे, तेही उघड आहे. हामीनलिन्नाच्या तुरिसास या बँडने 2007 मध्ये नद्यांच्या वाटेने बायझँटियमला निघालेल्या व्हायकिंगांवर अख्खा अल्बम काढला. फिनट्रोल या दुसऱ्या फिनिश बँडची गाणी तर स्वीडिश भाषेत. पण स्वीडिश ही फिनलंडची दुसरी राजभाषा आहे. सुमारे पाच टक्के लोकांची मातृभाषा. फिनट्रोलचा पहिला गायक त्यांच्यापैकीच होता. आणि गाणी ट्रोलांची, म्हणजे लोककथांतल्या राक्षसांची आहेत, पूर्वजांची नाहीत.

या 'पूर्वज' शब्दाखाली आणखी एक गोष्ट दडपली जाते. कोर्पिक्लानी या बँडचा म्होरक्या योन्ने यार्वेला आधी 'शामन' नावाच्या बँडमध्ये सामी भाषेत गायचा, योइक ही सामींची गायकी वापरायचा. फिनट्रोलच्या 2001 च्या अल्बमवरही त्याचा योइक आहे. सामी हे फिनलंड, स्वीडन, नॉर्वे आणि रशियाच्या उत्तर टोकाला राहणारे वेगळे आदिवासी लोक आहेत आणि त्यांच्या योइकला चर्चने दीर्घकाळ पाप ठरवलं होतं. त्याला सरसकट 'फिनिश लोकसंगीत' म्हणणं बरोबर नाही. पुढे 2003 मध्ये 'शामन'ने नाव आणि बाज दोन्ही बदलले आणि तो कोर्पिक्लानी झाला. व्हायोलिन, अकॉर्डियन आणि नाचाचा ठेका पुढे आला.

आता 'हजारो वर्षांचं संगीत'. खरी गंमत इथेच आहे.

फिनट्रोलचं 2004 चं 'ट्रोलहम्मारेन' ऐका. मात्रेवर बेसचा सूर, अर्ध्या मात्रेवर झटक्यात कॉर्ड, पुन्हा सूर, पुन्हा कॉर्ड. पाय आपोआप हलतो. या ठेक्याला हुम्प्पा म्हणतात, आणि तो काही दगडावर कोरलेला नाही. 1920-30 च्या काळातल्या फॉक्सट्रॉट आणि जॅझच्या नाचगाण्यांची नक्कल करत, अर्ध्या थट्टेत, 1950 च्या दशकाअखेरीस फिनिश रेडिओवरून तो लोकप्रिय झाला. म्हणजे आपल्याकडे 'बिनाका गीतमाला' सुरू झाल्यानंतरची गोष्ट. अकॉर्डियन तिथे एकोणिसाव्या शतकात आलं. पोल्का त्याच शतकात बोहेमियाकडून आला. गावच्या लग्नातलं व्हायोलिन त्याआधीचं, पण हजारो वर्षांचं नक्कीच नाही.

हुम्प्पा मेटलला इतका चपखल का बसतो? कारण भरधाव मेटलचा ड्रमर तेच करत असतो: मात्रेवर बेस ड्रम, मध्ये कडकडणारा स्नेअर ड्रम. लय जुळवून घेतली की अकॉर्डियनची चाल वर तशीच चढवता येते. जोड लागलेली कळतसुद्धा नाही.

खरोखर जुना थर आहे, नाही असं नाही. तो म्हणजे रूनो-गायन, तोंडी चालत आलेल्या फिनिश काव्याची गायकी. आठ अक्षरांची ओळ, आपल्या अनुष्टुभाच्या एका चरणाएवढी. चाल बहुतेक वेळा पाच मात्रांची आणि पाचच सुरांत फिरणारी. एक जण ओळ म्हणतो, दुसरा शेवटच्या शब्दांना सूर मिसळून तीच ओळ परत म्हणतो, आणि हे तासन् तास चालतं. यावर डोकं हलवून पाहा, मान अवघडेल. म्हणून मेटलवाल्यांनी इथून मुख्यतः घेतले ते शब्द. अमोर्फिस या बँडने 1994 च्या 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स'मध्ये 'कालेवाला'तल्या ओळी घेतल्या, त्याही इंग्रजी भाषांतरातून, आणि गायल्या डेथ मेटलच्या घोगऱ्या आवाजात. 1996 च्या 'एलेजी'साठी 'कांतेलेतार' या लोकगीतसंग्रहातली गीतं घेतली. हे दोन्ही ग्रंथ सिद्ध केले एलियास ल्योनरोट या डॉक्टरने. तो करेलियाच्या खेड्यांतून हिंडला, आर्हिप्पा पेर्त्तुनेनसारख्या गायकांकडून ओळी उतरवून घेतल्या, त्या जुळवल्या, सांधे भरायला काही स्वतःच्या घातल्या. 'कालेवाला'ची पहिली आवृत्ती 1835 ची, वाढवलेली 1849 ची: 22,795 ओळी. म्हणजे अमोर्फिसच्या हातात आलेली 'प्राचीनता' एकोणिसाव्या शतकातल्या एका संपादकाच्या टेबलावरून आलेली आहे. मला यात काही कमीपणा वाटत नाही. पण हजारो वर्षांचं जसंच्या तसं हे नव्हे.

आणि कांतेले? जुन्या कांतेलेला पाच तारा. सा रे ग म प, झालं. तिसरी तार गाण्याप्रमाणे शुद्ध गांधाराला लावा नाहीतर कोमल, तेवढ्यावर वाद्याचा सगळा रंग पालटतो. गंमत अशी की मेटल गिटारवाल्याच्या पॉवर कॉर्डमध्ये गांधार नसतोच, फक्त सा आणि प. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत केलेला असताना, गांधार घातला तर सगळं गढूळ होतं, म्हणून तो वगळतात. म्हणजे गिटार नुसती भिंत उभी करते आणि गाणं हसरं की उदास हे वरची चाल ठरवते. लोकधून आणि मेटल एकमेकांना मानवतात त्याचं अर्धं उत्तर मला या गाळलेल्या गांधारात दिसतं. मात्र ध्वनिवर्धक नसेल तर पाच तारांचं कांतेले एका डिस्टॉर्टेड गिटारसमोर ऐकूही येणार नाही. ते मांडीवर घेऊन घरात वाजवायचं वाद्य आहे.

'जगात पहिल्यांदा' हे थोडक्यात उरकता येतं. इंग्लंडच्या न्यूकॅसलचा स्कायक्लॅड हा बँड 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून मेटलमध्ये व्हायोलिन वाजवत होता, आणि आयर्लंडचा क्रूआखनही फिनट्रोलच्या आधीचा. खुद्द फिनलंडमध्ये पीरपाउके या बँडने 1970 च्या दशकातच कोनेवित्सा मठाच्या घंटांवरची कांतेलेची जुनी धून इलेक्ट्रिक वाद्यांवर वाजवली होती, फक्त ते मेटल नव्हतं. फिनलंडने केलं ते वेगळंच: साठ लाखांहून कमी वस्तीच्या देशात एकाच पिढीत अमोर्फिस, एन्सिफेरुम, मूनसॉरो, फिनट्रोल, कोर्पिक्लानी उभे राहिले, आणि एकाचा आवाज दुसऱ्यासारखा नाही. हेन्री सोर्वालीचंच घ्या. फिनट्रोलमध्ये तो उड्या मारायला लावणारा हुम्प्पा कीबोर्डवर वाजवायचा. तोच माणूस मूनसॉरोमध्ये गेला की 2007 चा असा अल्बम निघतो ज्यात गाणी दोनच, आणि त्यातलं एक जवळजवळ अर्ध्या तासाचं.

राहिलं 'मेटलने लोकसंगीत वाचवलं'. तारखा बघा. काउस्तिनेन या गावचा लोकसंगीत महोत्सव 1968 पासून भरतो. हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत लोकसंगीताचा विभाग 1983 मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी र्‍याक्क्युल्या गावात व्हार्त्तिना हा लोकसंगीताचा गट जमला, आणि 1991 मध्ये त्यांच्या अल्बमने तरुणांना अक्षरशः वेड लावलं. माउनो यार्वेला काउस्तिनेनमध्ये पोरांना घोळक्याने व्हायोलिन शिकवत होते, तेही ऐंशीच्या दशकापासून. फोक मेटलची लाट येईपर्यंत हे सगळं उभं होतं. 2021 मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते काउस्तिनेनचं व्हायोलिनवादन. उलट मी म्हणेन, लोकसंगीत आधीच शाळेत आणि मांडवात जिवंत होतं म्हणून मेटलवाल्यांना उचलायला काही सापडलं. मेटलने केलं ते हे की, ज्याने कधी कांतेले हा शब्द ऐकला नसता अशा साओ पाउलोतल्या किंवा पिंपरीतल्या पोराने तो शोधून पाहिला. हेही काही थोडं नाही, पण याला वाचवणं म्हणत नाहीत.

शेवटचा टोमणा आपल्याला आहे. तोही माहितीअभावी मारलेला. दिल्लीच्या ब्लडीवुड या बँडने ढोल आणि बासरी मेटलमध्ये आणली आणि 2019 मध्ये जर्मनीच्या व्हाकेन महोत्सवात वाजवलं. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनने 2017 मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर अल्बम केला, 'दशावतार'. अमोर्फिसने 'कालेवाला'चं जे केलं त्याच जातीचं हे काम आहे. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितींनी तो ऐकलाय, हे विचारून बघा.