जीव निघेपर्यंत केला तरच कार्डिओ? अजिबात नाही

सध्या एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाईकांच्या. थोडक्यात असा: कार्डिओ (म्हणजे श्वास आणि हृदयाचे ठोके वाढवणारा व्यायाम) करायचा तर पहाटे उपाशीपोटी, जीव निघेपर्यंत, दुखलं तरी थांबायचं नाही, गाणी ऐकत, गप्पा मारत केलेला व्यायाम म्हणजे टाईमपास, १०,००० पावलं झाली नाहीत तर उपयोग शून्य, आणि सलग २१ दिवस केलं की सवय लागते, एक दिवस चुकला की परत पहिल्यापासून. मला याचा मनापासून राग येतो, कारण ज्यांनी नुकतेच शूज आणलेत अशी माणसं हे वाचून घाबरतात आणि शूज तसेच रॅकवर पडून राहतात.

पहिलं म्हणजे जीव निघेपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी बघा, मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार, आणि झपझप चालणं हे मध्यममध्ये येतं. आधी एका वेळी सलग किमान १० मिनिटं हवीत अशी अट होती, तीही तेव्हा काढून टाकली. मध्यम कसं ओळखायचं? बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, झालं, घड्याळ-बँड काही लागत नाही. यापेक्षा वर गेलात, की एका टप्प्यानंतर श्वास पुरत नाही, वाक्य तुटायला लागतं, आणि त्या टप्प्यापलीकडे बहुतेक सगळ्यांनाच नकोसं वाटायला लागतं, मग तुम्ही मनाने कितीही खंबीर असा. व्यायाम-मानसशास्त्राचे संशोधक पँटेलिमॉन एक्केकाकिस यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. नवशिक्या माणूस रोज त्या टप्प्यापलीकडे गेला तर त्याचं मन व्यायामाचं नाव काढलं तरी मागे सरतं, यात आळस कुठून आला?

आता गाणी आणि गप्पा, कारण सगळ्यात चुकीचं इथेच लिहिलंय. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास कारागिऑर्गिस संगीत आणि व्यायाम यावरच संशोधन करतात, मध्यम वेगाला संगीत लावलं की तेवढीच मेहनत हलकी वाटते. (फार जोर लावला की हा फायदा कमी होतो, तेव्हा शरीराचाच आवाज मोठा होतो.) अमेरिकेतल्या संशोधक कॅथरीन मिल्कमन यांच्या २०१४ च्या प्रयोगात काही जणांना उत्कंठावर्धक ऑडिओबुक फक्त जिममध्येच ऐकायला मिळायची, ते सुरुवातीला इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त वेळा जिमला गेले. पुढे नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुट्टीनंतर हा फरक विरला हेही खरं, म्हणजे सुट्टी पडली की परत नवीन काहीतरी लावून घ्यावं लागतं. एखादी सिरीयल, पॉडकास्ट, फक्त चालतानाच ऐकायचं ठरवा ना. रस्त्यावर मात्र एक कान मोकळा ठेवा.

आणि मजा म्हणजे हलका व्यायाम असं वाटत असेल तर श्रावणाआधी आमच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये या. मंगळागौरीच्या खेळांची प्रॅक्टिस असते, बसफुगडीला उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकायचा, मिनिटभरात मांड्या भरून येतात, गाण्याचे शब्द अर्धे तोंडातच राहतात, मग दुसरी जोडी येते तोवर भिंतीला टेकून दम खायचा आणि परत उतरायचं. जोर-विश्रांती-जोर, यालाच जिममध्ये इंटरव्हल म्हणून शिकवतात. ट्रेडमिलवर सारखं घड्याळ बघणारी माझी वहिनी इथे तासभर हटत नाही, उलट "अगं अजून एकदा घेऊ या ना" म्हणते. गुडघे दुखत असतील त्यांनी झिम्मा घ्यावा, बसफुगडी नको.

१०,००० पावलांचं मूळ जपानमध्ये आहे, १९६५ साली यामासा कंपनीने पावलं मोजायचं यंत्र आणलं आणि त्याचं नावच या आकड्यावरून ठेवलं. आकडा वैद्यकीय संशोधनातून आलाच नव्हता. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी वयस्कर अमेरिकन बायकांचा अभ्यास केला, त्यात २,७०० पावलांपेक्षा ४,४०० वाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण स्पष्ट कमी होतं आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा स्थिरावला. तेव्हा ४,००० झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. उपाशीपोटीचं म्हणाल तर जमत असेल तर करा, चक्कर येत असेल तर केळं खाऊन जा, शुगरच्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

२१ दिवस आले मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनकडून, १९६० च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. त्यात चालण्यापळण्याचा काही संबंध नाही, आणि 'किमान' पुढे गळून गेलं. लंडनच्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४. मधे एखादा दिवस चुकला तर विशेष फरक पडला नाही. लग्न असतं, पाहुणे असतात, पोरांच्या परीक्षा असतात, दुसऱ्या दिवशी निघायचं, पहिल्यापासून मोजायचं नाही.

राहिलं 'दुखलं तरी थांबायचं नाही'. हे वाक्य धोकादायक आहे. छातीत दाब आला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, थंड घाम फुटला, गरगरलं, तर तिथल्या तिथे थांबायचं, बसायचं आणि १०८ ला फोन लावायचा. बाकीचा मेसेज पाठवायचा तर पाठवा, पण आईबाबा, काका, आजोबा ज्या ग्रुपवर आहेत तिथून एवढं वाक्य तरी आजच काढा.