सूर्यास्त पुरे, आता रोटर हेड दाखवा!

हेलिकॉप्टरचं छोटं मॉडेल जुळवताना संदर्भाला म्हणून एक पुस्तक घेतलं. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, मॉडेल करणाऱ्यांसाठी तपशीलवार छायाचित्रं. आणि आत? हेलिकॉप्टर सूर्यास्तात. हेलिकॉप्टर धुळीच्या लोटात. हेलिकॉप्टर डोंगराआडून डोकावताना. अहो, याचं मी काय करू? मला ते जमिनीवर उभं हवंय. झाकणं उघडी, तेल गळलेलं, मळकं.

मी १:४८ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाएवढं, एमआय-२४ व्ही हे सोव्हिएत लढाऊ हेलिकॉप्टर करतोय. डोक्यावर पाच पात्यांचा रोटर, आणि पाती जिथे जोडलेली असतात तो मधला भाग म्हणजे रोटर हेड. प्रत्येक पात्याला खालून येणारा दांडा, त्याखाली पात्यांचा कोन बदलणारी तबकडी म्हणजे स्वॉशप्लेट, बिजागऱ्या, हायड्रॉलिकच्या नळ्या. किटमध्ये यातलं निम्मं एकाच गोळ्यात ओतलेलं असतं, म्हणून तर पुस्तक घेतलं! आख्ख्या पुस्तकात रोटर हेडचा जवळून काढलेला फोटो एकच, तोही दोन पानांवर पसरलेला, आणि हेड बरोबर मधल्या शिवणीत. डावीकडून दीड पातं दिसतं, उजवीकडून दीड. बाकीची दोन बाइंडिंगच्या गोंदात गेली. पुस्तक उताणं करून दाबलं, तर कणा तडकला आणि पानं हातात आली. नळी काही दिसली नाही.

पाती झुकवायची किती, तेही कळू नये. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकतात. किटमधली मात्र फूटपट्टीसारखी सरळ. खरा रोटर १७.३ मीटरचा, म्हणजे माझ्या टेबलावर ३६ सेंटीमीटर. एवढ्या लांबीत झुकाव चुकला की लगेच डोळ्यांत खुपतो. त्यासाठी बाजूने, डोळ्याच्या उंचीवरून काढलेला एक साधा, कंटाळवाणा फोटो लागतो हो! पण फोटोग्राफर जमिनीवर लोळल्याशिवाय बटणच दाबत नाही.

कॅप्शनबद्दल तर बोलायलाच नको. ‘कॉकपिटमधले बारकावे पाहा.’ काय पाहू? काचेत फोटो काढणाऱ्याचं पोट दिसतंय. त्या सोव्हिएत कॉकपिटच्या निळसर हिरव्या रंगाच्या छटेवरून मॉडेलवाले एकमेकांची डोकी फोडायला उठतात, आणि यांनी तो फोटो छापलाय कृष्णधवल! आणखी एका पानावर उजव्या कुशीला ३० मिमीची दुनळी तोफ ढळढळीत दिसतेय, म्हणजे हे एमआय-२४ पी, वेगळा प्रकार. व्हीला नाकाखाली १२.७ मिमीची चार नळ्यांची, फिरणारी मशीनगन असते. खाली छापलंय काय, तर ‘व्ही’. लिहिणाऱ्याने फोटो बघितला तरी होता का?

पण माझं टाळकं सटकलं ते शेपटीच्या पंख्यावरून. किटच्या सूचनेत तो डावीकडे. पुस्तकातल्या जवळून काढलेल्या, एकुलत्या एक स्पष्ट फोटोत उजवीकडे. आता गंमत अशी की अगदी सुरुवातीच्या एमआय-२४ ना तो खरोखरच उजवीकडे होता, नंतर डावीकडे नेला. त्यामुळे मला वाटलं, किटवाल्यांनीच घोळ घातला असणार, ते घालतातच. छापील पुस्तकावर भरवसा ठेवला आणि पंखा उजवीकडे चिकटवला. सुपरग्लूने. वर पिनही घातली, कारण मी फार व्यवस्थित माणूस.

दोन दिवसांनी सहज भिंग घेऊन तेच पान बघत होतो. शेपटीवर रंगवलेल्या बारीक मजकुरातला, म्हणजे स्टेन्सिलमधला, तीनचा आकडा तोंड फिरवून बसलेला. फोटो आरशासारखा उलटा छापलाय! शेजारी रशियन अक्षरं होती की, पण मला रशियन येत नाही, मला ती उलटीही सुलटीच वाटली. आणि तो फोटो का उलटवला, तर दोन्ही पानांवरची हेलिकॉप्टरं समोरासमोर छान दिसावीत म्हणून असणार, दुसरं कारण मला तरी सुचत नाही. मांडणी! संदर्भाच्या पुस्तकात मांडणी!

पंखा काढताना शेपटीचा तुकडा निघाला. तिथे पुट्टी भरलीय. ती वाळेपर्यंत हात लावता येत नाही, म्हणून त्याच पुस्तकातले सूर्यास्त बघत बसलोय. एकूण अकरा आहेत, मोजले.