फ्रँकलिनच्या लेखातला चेरोकींचा भाग: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. माझा लेख फ्रँकलिनवर होता, म्हणजे १७८० च्या दशकात अमेरिकेत, आजच्या पूर्व टेनेसीत, वसाहतवाल्यांनी स्थापलेल्या पण मान्यता न मिळालेल्या राज्यावर. तुमचं म्हणणं असं: फ्रँकलिन हे वाऱ्यावर सोडलेल्या डोंगरी लोकांचं स्वतःचं सरकार होतं, त्याला राज्य म्हणून सामावून घ्यायला सात राज्यांचा पाठिंबा होता, नॉर्थ कॅरोलायनाने ते चिरडलं, आणि मी आजच्या नजरेने चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांचा विषय त्यात घुसडला, तो भाग काढावा.

वाऱ्यावर सोडलं होतं हे खरंच. १७८४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने डोंगरापलीकडचा हा मुलूख अमेरिकेच्या काँग्रेसला (तेरा राज्यांच्या मध्यवर्ती सभेला) देऊ केला आणि वर्ष सरायच्या आत शब्द फिरवला. मधल्या काळात, ऑगस्टमध्ये, तीन काउंट्यांच्या प्रतिनिधींनी जोन्सबरोत जमून वेगळं व्हायचं ठरवलं होतं. रोकड इतकी दुर्मीळ की कर कातडी, बेकन, राय व्हिस्कीच्या रूपातही भरता येई. ही माणसं हिकमती होती, हे मी लेखातही लिहिलं आहे.

पण या सरकारची खरी पुंजी जमीन होती. ती कुणाची, हा प्रश्न आजचा नाही, तेव्हाचाच आहे. जून १७८५ मध्ये फ्रँकलिनचा गव्हर्नर जॉन सेव्हियर याने चेरोकींशी डम्प्लिन क्रीकचा करार करून फ्रेंच ब्रॉड नदीच्या दक्षिणेचा प्रदेश मिळवला. ओल्ड टॅसलसारखे प्रमुख चेरोकी नेते तिथे नव्हतेच. त्याच नोव्हेंबरात ते होपवेलला काँग्रेसच्या आयुक्तांसमोर बसले आणि या घुसखोरीची तक्रार ओल्ड टॅसलने स्वतः मांडली. सहा महिन्यांत न हटणाऱ्या वसाहतवाल्यांचं संरक्षण काढून घेणारं कलम तिथे झालेल्या होपवेलच्या करारात आलं; फ्रेंच ब्रॉड आणि होल्स्टन नद्यांच्या बेचक्यातल्या वस्त्यांचा निर्णय तेवढा काँग्रेसवर सोडला गेला. फ्रँकलिनने याला उत्तर दिलं १७८६ च्या कोयाटी करारानं, बंदुकीच्या धाकावर. १७८८ मध्ये पांढऱ्या निशाणाखाली बोलणीसाठी आलेल्या ओल्ड टॅसलला सेव्हियरच्या मिलिशियातल्या (स्थानिक नागरी सैन्यातल्या) माणसाने ठार केलं. हे सोडून या सरकारचा इतिहास कसा लिहायचा?

राहिली काँग्रेसमधली सात राज्यांची मतं. लागत होती नऊ, तेरा राज्यांच्या दोन तृतीयांश. आणि नॉर्थ कॅरोलायनाने चिरडलं म्हणता, पण फेब्रुवारी १७८८ च्या चकमकीत सेव्हियरसमोर उभा होता जॉन टिप्टन, त्याच भागातला वसाहतवाला. फ्रँकलिनमध्ये घरातच दुफळी होती.

तेव्हा तो भाग राहील. कोयाटीवर पुढच्या लेखात सविस्तर लिहितो आहे. तोही वाचून जरूर कळवा.